आशाताईंचा मराठी हिट्सचा संच कुठला घ्यावा?

वारणाकाठ: आईच्या पंच्याहत्तरीला आशा भोसलेंच्या मराठी गाण्यांचा 'सर्वोत्कृष्ट' छाप संच द्यायचा आहे. ती माहेरची सांगलीची, त्यामुळे आशाताई म्हणजे घरचंच माणूस. एक सीडी आणली होती, तर 'बुगडी माझी सांडली गं' लागताच आई म्हणाली, "ही ती न्हवं." आवाज आशाताईंसारखा वाटतोय, पण ढोलकीच्या जागी भलतंच काहीतरी वाजतंय. चांगला संच कुठला? आणि मूळ गाणं ओळखायचं कसं?

सातारी कंदी: 'जाता साताऱ्याला' हे शब्द ज्या संचात नाहीत तो घेऊ नका. बाकी तुमची मर्जी. 😄

जुना कॅसेटवाला: गणपती पेठेजवळ आमचं कॅसेटचं दुकान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आईंचा कान बरोबर आहे. 'बुगडी' ही 'सांगत्ये ऐका' मधली, १९५९ ची. गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो. हेडफोन लावा, दोन्ही कानांत अगदी सारखं ऐकू आलं पाहिजे. एका कानात कीबोर्ड, दुसऱ्यात ऑक्टोपॅड आणि आवाजाला विहिरीतल्यासारखा घुमारा असेल, तर नंतर कुणीतरी नव्यानं केलेलं समजा. पाकिटामागे बारीक अक्षरात चित्रपट आणि संगीतकार छापलेत का बघा. नुसतंच 'पारंपरिक' किंवा काहीच नसेल तर खाली ठेवा. आमच्याकडे अशा कॅसेट स्वस्त यायच्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला यायचं.

दुसरं, एका संचात सगळं मिळणारच नाही. कंपनी आपल्या हक्काची गाणी घालते, दुसऱ्याची कशाला घालेल? शिवाय दुकानातले कप्पे ठरलेले. भावगीतं एकीकडे, लावण्या एकीकडे. 'नाच रे मोरा' (१९५३, 'देवबाप्पा', संगीत पु. ल. देशपांडे) कायम बालगीतांच्या कप्प्यात, म्हणून हिट्समध्ये तुम्हाला ते क्वचित दिसेल. वडिलांची, म्हणजे मास्टर दीनानाथांची पदं आशाताईंनी गायली ती नाट्यसंगीतात. मला विचाराल तर बाईंची खरी कमाल नेमकी या कप्प्यांच्या मधोमध आहे. 'बुगडी'चा ठसका ऐका आणि लगेच 'जिवलगा राहिले रे दूर घर माझे' लावा. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल. तिथं 'दूर'वर आवाज असा लांबतो की चालणाऱ्याचे पाय जड झालेले कळतात. एकाच गळ्यातून आलंय हे पोराला सांगितलं तर पटत नाही.

म्हणून म्हणतो, तयार संच राहू द्या. विकतची डिजिटल गाणी घ्या आणि पेनड्राइव्ह भरा. सुरेश भटांची 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि 'केव्हातरी पहाटे' घालाच. 'घरकुल' मधलं 'मलमली तारुण्य माझे' पण. त्याला चाल सी. रामचंद्रांची आहे, पुष्कळ लोक हृदयनाथांच्या नावावर खपवतात.

मिरजेची तार: 'रेशमाच्या रेघांनी' राहिलं की काका! संगीतकार 'आनंदघन' म्हणजे खुद्द लतादीदी. थोरलीनं चाल बांधली आणि धाकटीनं गायली.

जुना कॅसेटवाला: राहिलं खरं, घाला. १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा'.

वारणाकाठ: काका, लई उपकार. आईला यादी वाचून दाखवली, तर 'नाच रे मोरा' पहिलं ठेव म्हणाली. पण मोबाइलची तिला सवय नाही, गाडीतल्या टेपवर पेनड्राइव्ह चालेल का? गाणी तिथं उलटसुलट लागतात.

जुना कॅसेटवाला: चालतंय की. फायलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला आणि पेनड्राइव्ह रिकामा करून त्याच क्रमानं एकेक कॉपी करा. बरेच टेप कॉपी केलेल्या क्रमानं वाजवतात. आणि आवाज एकदा गाडीतच तपासा. जुन्या मोनो गाण्यांना बास जास्त दिला की ढोलकी फुटल्यासारखी वाजते, तेवढा कमी ठेवा.