शब्दचर्चा : हृदयाची जखम ‘भरते’ की हृदय ‘बरे होते’?

प्रश्न : हार्ट ॲटॅकनंतरच्या ‘हीलिंग’मध्ये मायक्रोआरएनए (पेशीतले आरएनएचे छोटे तुकडे) काय करतात, यावरच्या मजकुरात ‘बरे होणे’, ‘भरून येणे’ आणि ‘पुनर्जनन’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आलेत. कोणता ठेवावा?

– जखमेसाठी ‘भरून येणे’. रक्तपुरवठा तुटला की हृदयस्नायूच्या पेशी मरतात, मोठ्या झटक्यात एक अब्जापर्यंत. त्यांच्या जागी नवा स्नायू जवळजवळ येतच नाही, कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा वण धरतो. तो धरला नाही तर भिंत फाटू शकते, म्हणून वणाला दोष म्हणू नका. मात्र वण आकुंचन पावत नाही. जखम भरली तरी हृदय पूर्ववत झालेले नसते. ‘बरे होणे’ म्हटले की नेमके हेच झाकले जाते.

– ‘वण’ऐवजी ‘व्रण’ चालेल का?

– टाळलेला बरा. आयुर्वेदात व्रण म्हणजे जखम, मराठीत जखमेची खूण. ‘व्रणरोपण’ (जखम भरणे) शेजारी आले की घोटाळा झालाच.

– क्रियापदही तपासा. मायक्रोआरएनए ‘प्रथिने बनवतात’ हे चूक. साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या दुव्यांचा) हा तुकडा जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनणे कमी करतो. ‘लगाम घालणे’ चपखल बसते. मिर-२९ या मायक्रोआरएनएचा लगाम कोलॅजनच्या जनुकांवर असतो. झटक्यानंतर जखमेच्या कडेला मिर-२९ घटतो, लगाम सुटतो, कोलॅजन वाढते. घाईत ‘मिर-२९ मुळे वण वाढतो’ असे लिहिले जाते आणि अर्थ पार उलटतो! ‘मिर-२९ घटल्यामुळे’ असेच हवे.

– मिर-१९९ए-३पी या दुसऱ्या मायक्रोआरएनएच्या नावातला ‘३पी’ही गाळू नका. मायक्रोआरएनएचे पूर्वरूप केसाच्या पिनेसारखे दुमडलेले असते. तुकडा तिच्या कोणत्या बाजूचा, ते त्यातून कळते. दुसऱ्या बाजूच्या ५पी ची लक्ष्ये, म्हणजे तो लगाम घालतो ती जनुके, वेगळी.

– ‘पुनर्जनन’ स्नायूपेशी खरोखर विभागल्या तरच. २०१९ मध्ये झटका आलेल्या डुकरांच्या हृदयात विषाणूवाहकातून (पेशीत जनुक नेणाऱ्या विषाणूतून) मिर-१९९ए पोचवला. महिन्याभरात वण लहान झाला, आकुंचन सुधारले. पण मिर-१९९ए बनणे थांबेना. अपक्व पेशी वाढत राहिल्या आणि पुढे बहुतेक डुकरे हृदयाची लय बिघडून अचानक दगावली. तेव्हा ‘हृदय पुन्हा घडवतो’ नको, ‘पेशीविभाजनाला चालना देतो’ लिहा, आणि मात्रा व मुदत त्याच वाक्यात द्या.