केटोप्रोफेन जेल, ऊन आणि चट्टे: सनस्क्रीन कोणतं लावायचं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

बॅडमिंटन खेळताना नवऱ्याचा घोटा मुरगळला. औषधाच्या दुकानातून केटोप्रोफेनचं (वेदनाशामक) जेल आणलं, क्रेप बँडेज बांधलं, दुखणं गेलं, जेल बंद केलं. त्यानंतर आठवडाभराने हर्णैला गेलो. दिवसभर थ्री-फोर्थ आणि सँडल घालून किनाऱ्यावर. रात्री खाज सुटली आणि सकाळी बघतो तर घोटा लालबुंद, त्यावर पाण्याचे बारीक फोड. सँडलच्या पट्ट्याखालची कातडी मात्र स्वच्छ, पट्टीने आखून घ्यावी तशी! गंमत म्हणजे दुसऱ्या पोटरीवरही एक चट्टा आहे, तिथे जेल कधी लावलंच नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही जेल आणि ऊन मिळून झालेली अ‍ॅलर्जी आहे. स्टिरॉइड क्रीम दिलंय. ऑक्टोक्रायलीन असलेलं सनस्क्रीन लावू नका म्हणाले, पण घरातल्या दोन्ही ट्यूबमध्ये नेमकं तेच निघालं. मग लावायचं काय? जेल बंद केल्यावर इतक्या उशिरा त्रास कसा होतो? आणि नवरा ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली चरबी) फेनोफायब्रेटची गोळी घेतो, हे तिथे सांगायचं राहिलं. त्याचा काही संबंध असतो का?

(हळद-चंदन नको, ते सासूबाईंनी आधीच सुचवलंय.)

प्रतिसाद:
ताई, फेनोफायब्रेटचं आधी बघा. केटोप्रोफेन आणि फेनोफायब्रेट या दोन्हींच्या रेणूत बेंझोफेनोन हा सारखा भाग असतो, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी झालेल्याला दुसऱ्यानेही उन्हात त्रास होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिली त्यांना आणि त्वचेच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

केटोप्रोफेन कातडीत बरेच दिवस मुरून राहतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये याचा आढावा घेतला, तेव्हा जेल वापरताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे तो भाग उन्हापासून झाका, असं बजावलं होतं. आपल्याकडे दुकानदार एवढं कुठे सांगतो! हे उन्हातल्या यूव्हीए (अतिनील) किरणांमुळे होतं आणि ते काचेतून येतात, ढगाळ हवेतही असतात. म्हणजे गाडीत काच लावून बसलं तरी पाय झाकलेला हवा. पोटरीवरचा चट्टा बहुतेक झोपेत पायावर पाय पडून जेल लागल्यामुळे असेल.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या, पण त्यात ऑक्सिबेंझोन (हेही बेंझोफेनोनच) नाही ना, ते ट्यूबच्या मागे वाचून. फोड आहेत तोवर सुती मोजा बरा. खात्री करायची तर फोटोपॅच टेस्ट असते: पाठीवर त्याच औषधांच्या पट्ट्यांचे दोन संच लावतात आणि एकावरच यूव्हीए देतात. मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात चौकशी करा. आणि ते क्रेप बँडेज परत बांधू नका, त्यात जेल राहिलेलं असतं.

धागाकर्ती:
बापरे, बँडेज अजून त्याच्या किटबॅगमध्येच आहे, आत्ता फेकते. गोळीचं उद्या सकाळी फोन करून विचारतो. नाशिकमध्ये फोटोपॅच टेस्ट कुठे होते, कुणाला माहीत आहे का?