सौरपंप बसवल्यावर विहिरीचे काय?

प्रश्न
(शेतकरी, आष्टी तालुका, जिल्हा बीड)

माझी साडेचार एकर जमीन आणि आठ परसाची (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) एक विहीर आहे. वीजजोडणीचे कोटेशन भरून बरीच वर्षे झाली, पण खांब अजून बांधापर्यंत आलेला नाही, त्यामुळे आजवर डिझेल इंजिनावरच भागवत आलो. आता ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून १० टक्के हिस्सा भरून ५ अश्वशक्तीचा पंप मिळण्यासारखा आहे आणि तो घ्यावाच, असा घरच्यांचा आग्रह आहे.

माझी अडचण पैशांची नाही. विहिरीच्या खालच्या अंगाला दोन शेजाऱ्यांनी असेच पंप बसवले आहेत. सकाळी ऊन तापले की पाणी सुरू होते आणि ऊन उतरेपर्यंत ते कोणी बंद करत नाही. त्यांपैकी एका विहिरीत डोकावले, तर खडकावर ओलीचे पट्टे एकाखाली एक उमटलेले दिसतात. यंदा होळीच्या आधीच शेवटचा पट्टा तळाशी गेला होता. माझ्या विहिरीतही फेब्रुवारीअखेर जेमतेम दोन परस पाणी उरले. डिझेलचा धूर थांबला हे खरे, पण त्याबरोबर झरेही आटत असतील, तर या पंपाला पर्यावरणपूरक म्हणावे का? आणि तो घ्यावा, की सौर वाहिनीवरच्या, म्हणजे सौर प्रकल्पाची वीज तारेने देणाऱ्या योजनेतल्या, जोडणीची वाट पाहावी?

पहिले उत्तर
(वीज वितरणातील निवृत्त अभियंता)

आपण ऊर्जा आणि पाणी यांचा एकत्र विचार केलात, हे फार बरे झाले, कारण शेतात या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला किती ऊर्जा लागते, हे निसर्गाने ठरवलेले आहे. आपल्या हाती आहे ती फक्त पंपाची कार्यक्षमता आणि पाण्याची खोली. मोटर, पंप, पाइप आणि फुटव्हॉल्व्ह मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली, तर २० मीटरवरून हजार लिटर उपसायला सुमारे ०.१४ युनिट लागते आणि ८० मीटरवरून सुमारे ०.५५ युनिट. एकरभर रानाला पाच सेंटिमीटरचे एक पाणी द्यायचे, म्हणजे साधारण दोन लाख लिटर. विहिरीवरून ते २८ युनिटांत होते. विहीर आटली म्हणून खोल बोअर घेतले, तर त्याच पाण्याला ११० युनिटे मोजावी लागतात. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले तर पातळी राखणे हीच सर्वांत मोठी ऊर्जाबचत आहे, असे माझे ठाम मत आहे.

कोळशाची वीजही पाण्याविना होत नाही, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१३च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

राहिला निवडीचा प्रश्न. स्वतंत्र सौरपंपाचे पॅनेल वर्षातले अनेक दिवस रिकामे बसते, कारण पावसाळ्यात आणि काढणीच्या दिवसांत आपल्याला पाणी नको असते, आणि ती वीज दुसऱ्या कोणाला देता येत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून संपूर्ण फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज देतात, आणि तिथे उरलेली वीज ग्रीडवर जाऊन इतरत्र वापरली जाते. ऊर्जेच्या दृष्टीने हा मार्ग अधिक किफायतशीर आहे. तरीही ज्याच्या बांधापर्यंत तारच आलेली नाही, त्याला मी वाट पाहायला सांगणार नाही. लिटरभर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि खिसा रिकामा होतो तो वेगळाच.

दुसरे उत्तर
(भूजल क्षेत्रातील कार्यकर्ती)

आधीच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण मुळाशी जायला हवे. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, खाली अथांग साठा नाही. त्यामुळे तुमची आणि शेजाऱ्यांची विहीर कागदावर वेगळी असली, तरी भेगांतून बहुधा एकाच साठ्यावर उभी आहे. त्यांनी दिवसभर उपसले की तुमचे झरे मंदावणार आणि तुम्ही पंप बसवलात की त्यांचे.

डिझेल महाग असल्यामुळे माणूस गरजेपुरतेच इंजिन चालवत असे. त्या महागाईत शेतकरी भरडला गेला, म्हणून तिचे गुणगान मी करणार नाही, पण उपशाला लगाम होता. उन्हाला पैसे पडत नाहीत. वीजजोडणी मिळाली तरी २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. किमतीचा लगाम आता कुठेच उरला नाही आणि तो परत आणावा असेही मला वाटत नाही. म्हणूनच लगाम पाण्याच्या हिशेबातून यायला हवा. हिवरे बाजारने तो घातला आहे. तिथे दरवर्षी पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिके त्यावरून ठरतात आणि शेतीसाठी बोअरवेल घेत नाहीत. ते गाव आष्टीपासून फार दूर नाही. शेजाऱ्यांना घेऊन एकदा जाऊन या.

सुरुवात साधी आहे. दोरीला दगड बांधून दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी पंप सुरू होण्याआधी पातळी मोजा आणि वहीत लिहा. तिन्ही विहिरींचे आकडे समोरासमोर ठेवले, की वाद घालावा लागत नाही.

तिसरे उत्तर
(शेतकरी, सौरपंप वापरणारे)

माझ्याकडे सौरपंप आहे आणि तो घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पूर्वी थोरल्या भावाच्या रानात विजेवर रात्रीची पाळी असायची. दोन वाजता ऑटो स्टार्टर खट्‌ करून मोटर सुरू व्हायची आणि दारे धरायला कोणी नसेल, तर पहाटेपर्यंत पाणी बांध फोडून ओढ्याला मिळालेले असायचे. दिवसाच्या पाण्याने ती नासाडी थांबली. बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीने जाणारी रात्रही वाचली.

मात्र माझ्या हातूनही पहिल्या वर्षी अतिरेक झाला. पाणी दिसते म्हणून कांद्याबरोबर दीड एकर ऊस लावला आणि एप्रिलमध्ये तो डोळ्यांदेखत वाळला. आता ठिबक आहे, ऊस नाही. दुपारी पाण्याची गरज संपली, की मी पंप हाताने बंद करतो. पंप घेतलात तर पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी गार असताना पुसा, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा कागद जपून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल दोरी घेऊन तिन्ही विहिरींवर गेलो. माझ्याकडे सोळा फूट पाणी निघाले, एका शेजाऱ्याकडे नऊ आणि दुसऱ्याकडे अडीच. अडीच फूट पाणी असलेल्या शेजाऱ्यानेच वही स्वतःकडे ठेवून घेतली. पंपाचा अर्ज मी भरणार आहे, पण तो बसण्याआधी तिघांनी बसून रब्बीला कोणी किती एकर भिजवायचे, हे ठरवायचे आहे. उसाबद्दल धाकटा भाऊ अजून ऐकत नाही. त्याला हे तिसरे उत्तर वाचून दाखवणार आहे.