नवोदय नववी प्रवेश : पेपर हिंदीतून द्यावा की इंग्रजीतून?

नमस्कार मंडळी,
आम्ही गेवराई तालुक्यातले. मुलगी जिल्हा परिषद शाळेत आठवीला आहे, सगळं मराठीतून. गढीचं नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) आमच्यापासून जवळच. पाचवीत असताना सहावीच्या प्रवेशाची परीक्षा दिली होती, थोडक्यात हुकलं. तो पेपर मराठीतून होता, 80 प्रश्न, त्यातले निम्मे आकृत्यांचे. आता नववीच्या रिकाम्या जागांसाठी फॉर्म भरायचाय आणि इथंच गाडी अडलीय.

पेपर 100 मार्कांचा, अडीच तासांचा : गणित 35, विज्ञान 35, इंग्रजी 15, हिंदी 15. पण प्रश्नपत्रिकेची भाषा हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठी नाहीच! मला वाटलं, हिंदी सोपं जाईल, लिपी तर तीच. परवा जुना पेपर सोडवायला दिला तर पोरगी ‘कोशिका’वर अडली. पेशी म्हटल्याबरोबर उत्तर आलं. ‘घनत्व’ अंदाजानं काढलं, ‘लघुत्तम समापवर्त्य’ वाचून मात्र हसायलाच लागली. लसावि तिला झोपेतही काढता येतो हो. दुसरीकडे इंग्रजीत डेन्सिटी, सेल हे शब्द तिला माहीत आहेत, पण अख्खा प्रश्न वाचताना दम लागतो.

मेहुणे म्हणतात, कशाला नादी लागता, दहावीनंतर क्लाससाठी लातूर गाठा. लातूरचा खर्च त्यांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. नवोदयात राहणं-जेवण फुकट, मुलींना महिन्याची विकास निधीची फीसुद्धा माफ.

कुणाच्या मुलानं मराठी माध्यमातून ही परीक्षा दिलीय का? कोणती भाषा निवडली?

प्रतिसाद
दादा, माझा भाचा असाच मराठी शाळेतून गेला. इंग्रजीच घ्या. आत गेल्यावर गणित-विज्ञान इंग्रजीतूनच आहे, मग हिंदी शब्दांवर तीन महिने कशाला घालवायचे? एनसीईआरटीची आठवीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. आम्ही वहीत दोन रकाने केले होते, पेशी-सेल, आम्लारी-बेस असे. रोज दहा. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका म्हणावं. जागा मात्र मोजक्याच असतात, शाळेचा अभ्यास सोडू नका.

धागाकर्ता
आभार ताई. वही आजच आणतो. ‘आम्लारी’ मलाच शोधावं लागलं.