त्यांचं 'जमलं', 'जुळलं' की 'सूत जुळलं'?

ओसरी
सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेवर लेख लिहितेय. रॉस आणि रेचेलचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहेच. शाळेत असल्यापासून त्याचा जीव तिच्यात अडकलेला. मध्ये जवळ आले, फाटलं, १९९९ मध्ये लास व्हेगासला दारूच्या नशेत लग्न, मग घटस्फोट, २००२ मध्ये मुलगी. आणि ६ मे २००४ च्या शेवटच्या भागात ती विमानातून उतरून त्याच्या दारात येते, तेव्हा कुठे त्यांचं... काय होतं? इथेच अडलेय. लग्न झालं म्हणावं तर ते होऊन मोडलंय, मूलही झालंय. मी लिहिलं, 'एकदाचे एकत्र आले'. अंक बघणाऱ्या काकूंनी त्याला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'कशासाठी? मोर्चाला?' त्यांनी सुचवलं 'सूत जुळलं'. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते, "सूत जुळलं हे दुसऱ्यांच्या मुलींबद्दल बोलायचं असतं."
दुसरी अडचण. तो भाग पाहिल्यावर आम्ही होस्टेलवर अक्षरशः नाचलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्या गप्प. या दोन्हीला मिळून काही शब्द आहे का?

पाटपाणी
'त्यांचं जमलं' लिहून मोकळ्या व्हा. फक्त 'लग्न' हा शब्द मध्ये येऊ देऊ नका. 'लग्न जमलं' म्हटलं की मामा, आत्या, पत्रिका, मानपान सगळं आलं. नुसतं 'जमलं' म्हणजे पोरांनी आपापसात जमवलं.

शुद्धोदन
'जमा' अरबी, त्यावरून 'जमणे'. 'जुळणे' असताना हा आग्रह का? किंवा 'मनोमीलन' लिहा, नेमका अर्थ येतो.

खटपट्या
मनोमीलन पेपरात फक्त पुढाऱ्यांचं होतं, आणि तेही निवडणुकीपुरतं. रॉस-रेचेलनी काय पॅनेल उभं केलंय का?
आणि अरबी म्हणून 'जमणे' काढायचं असेल तर 'साहेब', 'वकील', 'हिशोब' पण काढा. मग तुम्हाला जमतं का बघू.

कंदीपेढा
आपल्याकडे हा शब्द सापडत नाही त्याचं कारण आपल्या मालिका उलट्या चालतात. लग्न आधी, जमणं नंतर. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना-राधाचं लग्न नुसतं ठरवून केलेलं नाटक. 'जुळून येती रेशीमगाठी'त मेघनाचं लग्न आदित्यशी होतं तेव्हा तिचा जीव दुसऱ्याच आदित्यवर. हळद लागली, मुंडावळ्या बांधल्या, जेवणावळी उठल्या, तरी आम्ही बायका रोज रात्री बसून वाट बघतोय की 'ते' कधी होणार!
आमची आज्जी एरवी मालिकेला नावं ठेवायची. घना-राधाचं एकदाचं झालं त्या रात्री ती पाटावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वरसुद्धा केली नाही. शेंगेची शीर ओढत म्हणाली, "न्हालं बाई घोडं गंगेत." ओसरी, हाच तुमचा शब्द. त्यात उशीर येतो, सुटका येते, आणि 'किती तो घोळ घातला मेल्यांनी' हेही येतं. दुसऱ्या दिवशी मात्र आज्जी त्याच वेळी टीव्हीसमोर येऊन बसली आणि दहा मिनिटांत उठून गेली. "आता काय बघायचं?"

ओसरी
वा! पण 'रॉस-रेचेलचं घोडं गंगेत न्हालं' असं लिहिलं तर काकू घोड्याला पण गोल करतील. आणि आज्जी उठून गेली त्याला काय म्हणायचं?

पाटपाणी
चुटपुट.

कंदीपेढा
चुटपुट काहीतरी राहून गेल्याची असते. इथे तर सगळं मिळालं होतं.

अर्धामुर्धा
तुम्ही सगळे 'शिप' हा शब्द विसरताय का? आम्ही जोडप्याला शिप करतो. 'रिलेशनशिप'ची शेपटी. नव्वदच्या दशकात 'एक्स-फाइल्स' मालिकेचे चाहते त्यातल्या मल्डर आणि स्कली या जोडीवरून इंटरनेटवर भांडायचे, त्यातल्या 'यांचं होऊ दे' गटाला शिपर नाव पडलं. हिंदीत 'इस प्यार को क्या नाम दूं'च्या अर्णव-खुशीची 'अर्शी' झाली तीही याच कुळातली. आईला सांगितलं, मी या दोघांना शिप करतेय, तर म्हणाली, "पत्ता नीट लिहिलास ना?"

शुद्धोदन
कुरिअरशी गोंधळ होतो म्हणजेच मराठी शब्द हवा. 'युगुलेच्छू' सुचवतो.

खटपट्या
'मी युगुलेच्छू आहे' असं बागेत कुणाला सांगून बघा. वॉचमन बाहेर काढेल.

धोपटमार्ग
आज्जींचं बरोबर आहे. 'मूनलायटिंग' ही अमेरिकन मालिका आठवा. १९८७ मध्ये नायक-नायिकेचं जमवलं आणि १९८९ मध्ये मालिका बंद. तेव्हापासून लेखक लोक जोडी जमवायला घाबरतात.

अर्धामुर्धा
ही कायमची थाप आहे. नायिका गरोदर होती, नायक ब्रूस विलिस 'डाय हार्ड' सिनेमाच्या शूटिंगला, त्यात १९८८ चा लेखकांचा संप. पडद्यावर दोघं एकत्र दिसायलाच तयार नाहीत, तर प्रेक्षक काय करतील? 'द ऑफिस'मध्ये जिम आणि पॅमचं २००७ मध्ये जमलं, २००९ मध्ये लग्न झालं, आणि मालिका २०१३ पर्यंत चालली.

रंकाळा
कोल्हापुरात आम्ही सरळ 'टाका भिडला' म्हणायचो. अजून कुणाला कसं आठवलं नाही? कॉलेजला तर कट्ट्यावर तेवढंच काम असायचं, कुणाचा टाका कुणाशी भिडलाय ते बघायचं.

पाटपाणी
मुंबईत पण. शिंप्याचा टाका ना? दोन कापडं जोडतो तो.

फुंकणी
नाही हो. शिंपी टाका घालतो, भिडवत नाही. हा सोनाराचा टाका. आमचं घर सोनाराचं, म्हणून सांगतो. बांगडीची दोन टोकं जोडायची तर आधी ती एकमेकांना भिडवावी लागतात, केसाचीही फट चालत नाही. मग टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, लावायचा, त्यावर टाक्याचा बारीक तुकडा ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत द्यायची. टाका म्हणजे मिश्र धातू, दागिन्याच्या आधी वितळणारा. वितळला की एका झटक्यात सांध्यात पळतो, डोळ्यांना दिसतो पळताना. वडील तेव्हाच म्हणायचे, "भिडला." शिंप्याकडे असा क्षण कुठे असतो? रॉसच्या दारातला क्षण हाच.

शुद्धोदन
व्युत्पत्तीला आधार काय? तुमच्या वडिलांचं बोलणं म्हणजे कोश नव्हे.

फुंकणी
कोशात बोलणं जातं ते कुणाच्या तरी वडिलांचंच असतं.

खटपट्या
म्हणजे मोडीत काढताना टाक्याची घट धरतात, तशी ब्रेकअपनंतर पण धरायची?

धोपटमार्ग
मग 'सूत' पण कापडातलं नसेल. माझे काका सुतार. त्यांच्याकडे इंचाचे आठ सूत. दार चौकटीत बसेना की म्हणायचे, "दोन सूत मारतंय." सूत जुळलं म्हणजे दार बसलं.

पाटपाणी
हे मात्र ओढूनताणून आहे. मग 'सुतावरून स्वर्गाला' काय इंचपट्टीवरून जायचं?

ओसरी
मंडळी, अंक छापायला गेला. 'टाका भिडला' काकूंना वात्रट वाटलं, घोडं लांबलचक. शेवटी 'त्यांचं एकदाचं झालं' एवढंच राहिलंय. आई विचारतेय, काय झालं?

रंकाळा
ते राहू दे. फुंकणी, टाकणखार आणि सवागी एकच का? आमच्याकडे आजी तोंड आल्यावर सवागी मधात घालून लावायची.