चर्चा: इलेक्ट्रॉन संरूपण (अणूतले इलेक्ट्रॉन कुठल्या उपकवचात किती, याची मांडणी) शिकवताना, उपकवचं भरायचा क्रम दाखवणारी तिरप्या बाणांची आकृती हवीच का?

निष्क्रिय वायू:
लोखंडाचं संरूपण विचारा, पोरं घडाघडा लिहितात: आर्गॉनचे १८, मग ४एसमध्ये २, ३डीमध्ये ६ (आकडा कवचाचा, अक्षर त्यातल्या उपकवचाचं). लगेच विचारा, अधिक दोन प्रभाराचा आयन होताना कुठले दोन गेले? बरेच जण ३डीतले दोन काढून मोकळे होतात. शेवटी भरले ते आधी जाणार, असा हिशेब. जातात ४एसचे. हा घोळ बाणांच्या आकृतीनं घातलाय. माझं मत, ती दाखवूच नका, आवर्तसारणी समोर ठेवा. डावीकडचे दोन स्तंभ एस, उजवीकडचे सहा पी, मधले दहा डी. एस आणि पीला आवर्ताचाच, म्हणजे आडव्या ओळीचाच क्रमांक, डीला त्यातून एक वजा, खालच्या एफला दोन. पाठांतर शून्य. (हेलियम बसतो पीच्या बाजूला आणि असतो एसचा, तेवढं सांभाळा.)

तिरपा बाण:
पाठांतर शून्य कसं? सारणी समोर नसेल तेव्हा काय करायचं? त्यापेक्षा एन (कवचाचा क्रमांक) अधिक एल (एसला ०, पीला १, डीला २, एफला ३) मोजा. ४एसची बेरीज ४, ३डीची ५, म्हणून ४एस आधी. ३डी आणि ४पी दोघांची ५, तिथे लहान एन आधी. झालं. इलेक्ट्रॉन कुठून बाहेर पडतात हे आकृती सांगतच नाही. शिक्षकानं ते सांगितलं नाही, त्याचं खापर तिच्यावर का?

निष्क्रिय वायू:
सांगून भागत नाही हो. स्कँडियमच्या अणूत ३डीत १, ४एसमध्ये २. त्यातले दोन काढा, उरलेला एक ३डीत सापडतो. आधी ४एस भरत असतं तर तो तिथे दिसला असता. पोटॅशियम-कॅल्शियमपर्यंत तुमचा क्रम ठीक, स्कँडियमपासून ३डीच खाली जातं. पण ३डी आटोपशीर; तिथे गर्दी झाली की इलेक्ट्रॉन एकमेकांना जास्त ढकलतात. म्हणून पुढचे दोन पसरट ४एसमध्ये जातात.

नवखा:
हे सगळं डोक्यावरून गेलं. पण एम, म्हणजे तिसऱ्या कवचात १८ मावतात म्हणून शिकवलं आणि पोटॅशियम मात्र २, ८, ८, १. का, ते मला बाणांच्या आकृतीनंच कळलं.

बुरेट:
क्रोमियमचं काय? ३डीत ५, ४एसमध्ये १. "अर्धं भरलेलं डी स्थिर असतं" एवढं म्हणून सगळे पुढे सरकतात. त्याच गटातल्या टंगस्टनमध्ये ५डीत ४ आणि ६एसमध्ये २ आहेत, त्याला ही स्थिरता नको होती का? नायोबियममध्ये ४डीत ४, ५एसमध्ये १. ना अर्धं, ना पूर्ण. पॅलेडियममध्ये तर ५एस रिकामंच. सारणी काय नि बाण काय, दोन्ही इथे गार. अपवाद म्हणून सांगा, खोटं कारण चिकटवू नका.

तिरपा बाण:
कारणाबद्दल एकदम मान्य. पण पहिल्या ३६ मूलद्रव्यांत अपवाद दोनच, क्रोमियम आणि तांबं. ३४ ठिकाणी बरोबर येणारा नियम नवख्याच्या हातून काढून घ्यायचा?

निष्क्रिय वायू:
राहू दे. मग निदान लिहिताना ३डी आधी आणि ४एस शेवटी लिहायला लावा. आयन करताना शेवटचे खोडले की काम झालं.

तिरपा बाण:
लिहायचा क्रम तुमचा, भरायचा माझा. आकृती फळ्यावरून जाणार नाही.