प्रतिसाद: त्रुबेत्स्कॉय आणि अपुरं पुस्तक
रशियन भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कॉय हे नुसते खोलीत बसून सिद्धांत मांडणारे होते, असं मत इथे कुणी मांडलंय, ते मला पटत नाही. काकेशसच्या भाषांवर त्यांनी कोवळ्या वयातच काम सुरू केलं होतं. रशियन क्रांतीनंतर देश सुटला. इस्तंबूल, सोफिया करत 1922 मध्ये ते व्हिएन्नात प्राध्यापक झाले. त्यांचा विषय होता भाषेतले ध्वनी. आपल्याकडचं उदाहरण घ्या: ‘काल’ आणि ‘काळ’ यांत अर्थ बदलतो तो ल-ळ च्या भेदामुळे. असे भेद भाषेत कसे रचलेले असतात, हे त्यांनी कितीतरी भाषा तपासून दाखवलं. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. त्यांनी वंशवादाविरुद्ध आधी लिहिलेलं होतंच. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, झडती घेऊन कागद नेले, आधीच दुखरं हृदय खचलं. जूनमध्ये गेले, अवघे 48 वर्षांचे. ध्वनींच्या या कामावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ 1939 मध्ये निघाला, शेवटची पानं लिहायची राहूनच गेली.